आधी पाणी, मग तेल

जानेवारीत एखाद्या थंड पहाटे वसईच्या माणिकपुरातल्या घरात खोबरेलाची बाटली उपडी केली तर थेंब पडत नाही. आतलं तेल गोठून पांढरं झालेलं असतं. उन्हं वर आली, बाटली खिडकीत ठेवली की ते पुन्हा नितळ होतं. खोबरेल साधारण २४ अंश सेल्सिअसला वितळतं. वसईची हवा वर्षातला बहुतेक काळ त्याहून उबदार असते, म्हणून एरवी हे तेल आपल्याला पातळच भेटतं. माणसाच्या त्वचेचं तापमान ३२-३३ अंशांच्या आसपास असतं. त्यामुळे घट्ट गोळा तळहातावर घेतला तरी काही क्षणांत तो विरघळतो. तेल त्वचेवर कसं वागेल हे दोन गोष्टी ठरवतात, तेलाची घडण आणि भोवतालची हवा. बाटलीवरची जाहिरात यातलं काहीच सांगत नाही, म्हणून हे प्रकरण.

सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट करून घेऊ. तेल त्वचेला ओलावा देत नाही. तेलात पाणी नसतं, मग ते देणार कुठून? त्वचेत जे पाणी आधीच आहे ते उडून जाऊ नये म्हणून तेल वरून झाकण घालतं. त्वचेचा सर्वांत वरचा मृत पेशींचा थर कागदाहूनही पातळ असतो. त्या पेशींच्या मधल्या फटींत शरीरानेच बनवलेली स्निग्ध द्रव्यं भरलेली असतात. साबण, गरम पाणी, कोरडी हवा आणि वस्तऱ्याचं पातं या चौघांमुळे ही भर कमी होते, पाणी निसटू लागतं आणि त्वचा ओढल्यासारखी वाटते. त्यावर लावलेलं तेल ती गळती कमी करतं. म्हणून कोरड्या ठाक अंगाला तेल चोपडण्यापेक्षा आंघोळीनंतर अंग जरा ओलसर असताना लावलेलं थोडंसं तेल जास्त काम करतं. आधी पाणी, मग तेल. दाढीचं गणितही याच क्रमावर उभं आहे.

दाढीचा केस म्हणजे केराटिन नावाचं प्रथिन. कोरडा असताना तो चिवट आणि कडक असतो. पातं त्याला कापण्याऐवजी ओढतं आणि मग त्वचा सोलवटते. पाणी केसात शिरलं की केराटिनच्या साखळ्यांमधले हायड्रोजनचे दुबळे बंध सुटतात, केस फुगतो, मऊ पडतो आणि त्याला कापायला लागणारा जोर बराच कमी होतो. यासाठी फार वेळ लागत नाही. दोन-तीन मिनिटं नीट भिजवलं तरी बहुतेक काम होतं, आणि पाणी कोमट असेल तर आणखी लवकर. तेल हे काम करू शकत नाही. उलट कोरड्या दाढीवर आधीच तेल फासलं तर केसावर त्याचा थर बसतो आणि पाण्याला आत जायची वाट अडते. दाढीआधी तोंड धुवायचं ते याच कारणासाठी. केसांवरचा आपला स्वतःचा तेलकटपणा आधी निघायला हवा.

आपल्याकडच्या नाभिकांना हे पिढ्यान् पिढ्या ठाऊक होतं. साबणाचा फेस गावोगावी पोचण्याआधी हजामत पाण्यावरच व्हायची. धोपटी उघडली की त्यातून वस्तरा, कातर, चिमटा, नखं काढायची नराणी, धार चढवायचं चामोटं आणि पाण्याची वाटी निघे. बोटं वाटीत बुडवून गिऱ्हाइकाची दाढी किंवा डोकं बराच वेळ चोळायचं आणि केस पुरता मऊ पडला की मगच वस्तरा लावायचा. संत सेना महाराजांचा हजामतीच्या रूपकावर बांधलेला प्रसिद्ध अभंग अनेकांना पाठ असेल. त्यात आरसा आहे, चिमटा आहे, डोक्यावर घोळायचं पाणी आहे; तेल वा साबण नाही. भक्तीचा अर्थ बाजूला ठेवून वाचलं तर कसबी कारागिराच्या कामाचा तो नेमका क्रम आहे, आणि मला तो विज्ञानाच्या दृष्टीनेही अचूक वाटतो. तेल यायचं ते नंतर, डोक्याच्या आणि अंगाच्या मालिशीला.

मग दाढीत तेलाला जागा कुठे? दोन ठिकाणी. पहिली जागा पाणी मुरल्यानंतरची. दाढी भिजली, मऊ झाली की ओल्या चेहऱ्यावरच तीन-चार थेंब तेल बोटांनी पसरायचं. आता ते दोन कामं करतं. केसात शिरलेलं पाणी पटकन उडू देत नाही, आणि पातं व त्वचा यांच्यामध्ये निसरडा थर राहतो. ज्यांची त्वचा पातळ आहे, मानेवरचे केस उलटसुलट उगवतात किंवा दाढीनंतर लाल पुरळ येतं, त्यांना हा थर खरोखर उपयोगी पडतो. थेंब मात्र मोजकेच हवेत. तेल फेस मारतं. साबणाच्या बुडबुड्यांची पातळ भिंत तेलाने फुटते. त्यामुळे भरपूर तेलावर ब्रशने फेस काढायला गेलात तर फेस बसत जातो आणि ना तेल धड, ना साबण. फेसाची दाढी करायची तर तेल अगदी नावापुरतं, किंवा नुसत्या तेलावर करायची तर फेस वगळून.

नुसत्या तेलावर दाढी करणाऱ्यांना एक अडचण लगेच लक्षात येते. तीन किंवा पाच पात्यांच्या रेझरमध्ये तेल आणि खुंटांचा लगदा अडकतो आणि नळाच्या पाण्याने सुटत नाही. एका पात्याचा जुना सेफ्टी रेझर किंवा वस्तरा असेल तर पुसून पुढे जाता येतं. शिवाय न्हाणीघराची फरशी निसरडी होते. घरात म्हातारं माणूस असेल तर साबणाने ती लगेच धुऊन टाकावी. नळी तुंबते ती वेगळीच.

दुसरी जागा दाढी संपल्यावरची, आणि माझ्या मते हीच महत्त्वाची. पातं केसाबरोबर त्वचेचा वरचा थरही थोडा खरवडून नेतं. साबण अल्कधर्मी असतो, त्याचा सामू नऊ-दहाच्या घरात. निरोगी त्वचा मात्र किंचित आम्लधर्मी, पाचच्या आसपास. दाढीनंतर चेहरा ओढतो तो या दोन्हींमुळे. थंड पाण्याने चेहरा धुवावा, कुठे रक्त आलं असेल तर तुरटीचा खडा ओला करून फिरवावा. तुरटी बारीक रक्तवाहिन्यांची तोंडं आवळते. ती मिनिटभराने धुऊन टाकावी, चेहरा टिपून घ्यावा आणि ओल असतानाच एक-दोन थेंब तेल दोन्ही तळहातांवर पसरवून हलकेच लावावं. पूर्ण चेहऱ्याला दोन थेंब पुरतात. चेहरा चमकायला लागला तर तेल जास्त झालं असं समजावं. स्पिरिटचा भपकारा देणारं आफ्टरशेव्ह झोंबतं म्हणजे ते काम करतं, असं अनेकांना वाटतं. झोंबणं ही उघड्या पडलेल्या त्वचेची तक्रार असते.

आता कोणतं तेल? हा प्रश्न वसईच्या किनाऱ्यावर नवा नाही. माणिकपूरपासून उत्तरेला काही किलोमीटरवर सोपारा आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीकभाषी व्यापाऱ्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या समुद्रप्रवासाच्या पुस्तकात सोपाऱ्याचं नाव येतं. त्याच पुस्तकात भडोच आणि त्याच्या आसपासच्या पश्चिम किनाऱ्यावरून आफ्रिकेकडे जाणाऱ्या मालाची यादी आहे. त्यात गहू, तांदूळ, तूप आणि कापडाबरोबर तिळाचं तेलही आहे. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी आपल्या भागातलं तिळाचं तेल जहाजांवर चढत होतं. नाशिकच्या पांडवलेण्यांत आभीर राजा ईश्वरसेनाच्या काळातला एक शिलालेख आहे. आजारी भिक्षूंच्या औषधोपचारासाठी एका उपासिकेने निरनिराळ्या कारागीर श्रेणींकडे ठेवी ठेवल्याची नोंद त्यात आहे, आणि त्या श्रेणींत तीळ गाळणाऱ्या तेल्यांची श्रेणी आहे. तेल्याकडे ठेवलेला पैसा सुरक्षित मानला जात होता, आणि त्याच्या व्याजातून औषध होत होतं.

वसईच्या दक्षिणेला अलिबागच्या बाजूला या व्यवसायाची आणखी एक शाखा होती. बेने इस्रायल समाजाची परंपरा सांगते की त्यांचे पूर्वज नवगावच्या किनाऱ्याला लागले. पुढे हा समाज कोकणात तेल गाळण्याच्या धंद्यात स्थिरावला. शनिवारी त्यांचा घाणा बंद असे, म्हणून शेजारचे त्यांना शनवार तेली म्हणत. मराठी बोलणारे, मराठी नेसूचे हे ज्यू लोक पिढ्यान् पिढ्या कोकणच्या घरांना तेल पुरवत होते. आपल्या तेलाच्या इतिहासात त्यांचं नाव फार कमी वेळा घेतलं जातं, ते घ्यायला हवं.

खुद्द वसईत माड भरपूर. गास, निर्मळ, आगाशी या पट्ट्यातल्या वाड्यांत केळी, पानवेली आणि माड एकत्र वाढले. मात्र इथला माड केवळ तेलासाठी नव्हता. नारळ रोजच्या कालवणाला लागे, आणि ज्या पोयीतून, म्हणजे माडाच्या फुलोऱ्यातून, माडी काढतात तिला नारळ धरत नाही. तरी घरापुरतं तेल घरात होत असे. कोकणच्या जुन्या नोंदींत ते काढण्याच्या तऱ्हाही सापडतात. सुक्या खोबऱ्याचं घाण्यावर काढतात ते खोबरेल, ओला नारळ खवून त्याचा रस आटवून काढतात ते आवेल, आणि हाताने मुठीत पिळून काढतात ते मुठेल. आज दुकानात ‘व्हर्जिन कोकोनट ऑइल’ म्हणून जे महाग मिळतं त्याची जातकुळी ओल्या नारळाच्या तेलाचीच आहे. आवेल मात्र चुलीवर आटवलेलं असे, त्यामुळे त्याला भाजक्या नारळाचा वास येई. गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याने १५६३ साली गोव्यात छापलेल्या औषधींवरच्या ग्रंथात माडावर एक स्वतंत्र संवाद लिहिला. तेव्हा वसई पोर्तुगिजांकडे येऊन तीसेक वर्षंच झाली होती.

खोबरेल त्वचेवर का चालतं ते त्याच्या घडणीत आहे. त्यातल्या स्निग्धाम्लांपैकी जवळजवळ निम्मा भाग लॉरिक आम्लाचा. या आम्लाचा रेणू आखूड आणि सरळ असतो. मुंबईतल्या मॅरिको कंपनीच्या प्रयोगशाळेत आरती रेळे आणि आर. बी. मोहिले या संशोधकांनी केसांवर खनिज तेल, सूर्यफुलाचं तेल आणि खोबरेल यांची तुलना केली आणि २००३ साली ती प्रसिद्ध केली. धुण्याच्या आधी वा नंतर लावलं तरी केसातलं प्रथिन वाहून जाणं फक्त खोबरेलाने ठळकपणे कमी झालं. आखूड, सरळ रेणू केसाच्या आत शिरू शकतो, हे त्यांनी दिलेलं कारण. ही खोबरेल विकणारी कंपनी होती हे लक्षात ठेवूनच निष्कर्ष वाचावा. तरी प्रयोगाची पद्धत उघड आहे आणि हा शोधनिबंध जगभर उद्धृत होतो. त्वचेच्या बाबतीत फिलिपाइन्समध्ये झालेला आणि २०१४ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग बोलका आहे. इसब असलेल्या ११७ मुलांना आठ आठवडे खोबरेल किंवा खनिज तेल लावलं. खोबरेलाच्या गटात आजाराची तीव्रता दर्शवणारा आकडा ६८ टक्क्यांनी उतरला, खनिज तेलाच्या गटात ३८ टक्क्यांनी. खनिज तेलाचाही उपयोग झालाच, हेही त्या आकड्यातून दिसतं.

तिळाचं तेल थोडं जड आणि उग्र. त्यात ओलेइक आणि लिनोलेइक ही दोन आम्लं जवळपास सारख्या प्रमाणात, आणि शिवाय सेसमॉलसारखी द्रव्यं, ज्यांच्यामुळे ते लवकर खवट होत नाही. दिवाळीच्या अभ्यंगाला अनेक घरांत तिळाचं तेल येतं, आणि थंडीच्या तोंडावर सर्वांगाला ते चोळून मग उटण्याने उतरवणं ही पद्धत त्वचेच्या दृष्टीने शहाणपणाची आहे. उटण्यातलं पीठ जादा तेल शोषून घेतं आणि साबणापेक्षा सौम्यपणे काढतं. एरंडेल चिकट, कारण त्यातला बहुतांश भाग रिसिनोलेइक आम्लाचा. एकटं लावलं तर चेहऱ्यावर ओढतं. खोबरेलात किंवा तिळेलात दहावा हिस्सा मिसळलं तर दाढीच्या वेळी पात्याखाली चांगला घट्ट थर देतं. यापलीकडे त्याची गरज नाही.

सर्वांत दुर्लक्षित राहिलं ते कोकमाच्या बियांचं तेल. गोव्यात त्याला भिरंडेल म्हणतात. ते नेहमीच्या हवेत घट्ट, फिकट पांढरं-पिवळं असतं आणि साधारण ४० अंशांच्या आसपास वितळतं, म्हणून त्याच्या वड्या किंवा लांबट गोळे करून ठेवतात. पायाच्या भेगा आणि फुटलेल्या ओठांवर कोकण-गोव्यातल्या आज्या तेच लावत आल्या. त्यात निम्म्याहून अधिक स्टिअरिक आम्ल असतं. आता गंमत बघा: दाढीच्या उत्तम साबणांचा दाट, न बसणारा फेस येतो तो मुख्यतः स्टिअरिक आम्ल आणि पोटॅश यांच्या क्षारामुळे, आणि त्याला पटकन फुगवण्याचं काम खोबरेल करतं. म्हणजे दाढीच्या साबणाला लागणाऱ्या दोन्ही चरबी आपल्या किनाऱ्यावर, एक कोकमाच्या झाडावर आणि दुसरी माडावर, तयार आहेत. सिंधुदुर्ग-रत्नागिरीत कोकमाच्या बिया आमसुलं करताना ढिगाने निघतात. छोट्या बचतगटांनी त्यांपासून दाढीचा साबण करायला घेतला पाहिजे, असं मला मनापासून वाटतं.

वनस्पतितेलाचा साबण हा विचारही आपल्या भागात जुना आहे. विलायती साबणांत प्राण्यांची चरबी असे, आणि हिंदू, जैन, मुसलमान अशा अनेकांना ती नको असे. अर्देशीर गोदरेज यांनी मुंबईत १९१८ साली वनस्पतितेलापासून बनवलेला ‘चावी’ साबण बाजारात आणला. स्वदेशीच्या काळात तो हातोहात स्वीकारला गेला.

आता दुसरी बाजू, आणि इथे आपल्या हवेचा हिशेब येतो. वसईत जूनपासून ऑक्टोबरपर्यंत दमट हवा अंगावर बसते. घाम उडत नाही. अशा हवेत त्वचेतून पाणी कमी निसटतं, म्हणजे तेलाच्या झाकणाची गरजही कमी. शिवाय आपल्या सर्वांच्या त्वचेवर मॅलासेझिया नावाची बुरशी राहते. तिला स्वतःला स्निग्धाम्लं बनवता येत नाहीत. ती आपल्या अंगच्या तेलावर जगते. बाहेरून लावलेलं तेल तिचं खाद्य होतं. पाठीवर, मानेवर, दंडांवर पांढुरके चट्टे येतात, ज्यांना आपण शिबं म्हणतो, ते हिच्यामुळे. डोक्यातला कोंडाही हिच्याशी निगडित. कोंडा झाला म्हणून रात्रभर डोकं तेलाने थबथबवण्याची आपली सवय म्हणूनच उलटी पडते; धुण्याआधी तासभर तेल आणि मग नीट धुणं एवढंच ठेवावं. पावसाळ्यात शिबं असलेल्या अंगाला तेल लावूच नये.

चेहऱ्यावर मुरुमं येणाऱ्या तरुणांनीही खोबरेलापासून चार हात दूर राहावं. ते रोमछिद्रं बुजवणाऱ्या तेलांत मोडतं. कुरळ्या केसांची दाढी असेल आणि केस त्वचेतच वळून गाठी येत असतील, तर तेलाने त्या जात नाहीत; पातं खूप खोल न लावणं, केसाच्या कलाने दाढी करणं आणि काही दिवस दाढी न करणं हाच उपाय.

‘नैसर्गिक’ म्हणजे निर्धोक असं मानणाऱ्यांनी ऑलिव्ह तेलाचं उदाहरण पाहावं. शेफिल्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात प्रौढ माणसांच्या हाताला ऑलिव्ह तेल लावलं, तेव्हा त्वचेचा रक्षक थर कमजोर झाला, किंचित लालीही आली. सूर्यफुलाच्या तेलाने मात्र तो शाबूत राहिला. ऑलिव्हमध्ये ओलेइक आम्ल फार, आणि ते पेशींच्या मधल्या भरीची घडी विस्कटतं. सूर्यफुलातलं लिनोलेइक आम्ल त्वचा स्वतःच्या बांधणीला वापरते. ढाक्याच्या शिशु रुग्णालयात अपुऱ्या दिवसांच्या बाळांवर केलेला, २००५ साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेला प्रयोग याच दिशेने जातो. सूर्यफुलाचं तेल हलक्या हाताने लावलेल्या बाळांना रुग्णालयात होणारे जंतुसंसर्ग ४१ टक्क्यांनी कमी झाले. आपल्याकडे बाळाला न्हाऊ घालणाऱ्या बाईंचा हात सराईत असतो, त्यांच्या मालिशीने बाळ शांत झोपतं. तरी कानात आणि नाकात तेल सोडण्याची जुनी रीत बंद करायला हवी. नाकातलं तेल फुफ्फुसात उतरू शकतं.

आणि बिब्बा? त्याच्या टरफलातलं काळं तेल पायाच्या भेगांना लावण्याची प्रथा अजून आहे. त्याच तेलाने धोबी कपड्यांवर न पुसणारी खूण करत, यावरून त्याची धग कळावी. त्वचेवर फोड येतात, कधी अंगभर सूज. काजूच्या टरफलाचं तेल त्याच जातीचं. बावचीच्या तेलातली सोरालेन द्रव्यं उन्हाबरोबर मिळून कातडी भाजतात. कोडावर ती वैद्याच्या किंवा डॉक्टरच्या देखरेखीत वापरायची गोष्ट आहे. दाढीनंतर लिंबाची साल चेहऱ्यावर घासून उन्हात जाणाऱ्यांनाही काळपट डाग पडतात, कारण सालीच्या तेलात तशीच द्रव्यं असतात. ही सगळी तेलं पूर्ण नैसर्गिक आहेत.

तेल विकत घेताना काय पाहायचं ते सांगतो. खोबरेलाच्या बाटलीवर ‘खाद्यतेल’ असं लिहिलेलं असतं, आणि वापर मात्र बहुतेक घरांत डोक्याला होतो. यावर करखातं आणि उत्पादक यांच्यात वर्षानुवर्षं वाद चालला. १८ डिसेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की छोट्या बाटलीतलं शुद्ध खोबरेलही खाद्यतेल म्हणून धरता येतं. केशतेल म्हणून लेबल लावून विकलं तर ती गोष्ट वेगळी. ग्राहकाच्या दृष्टीने याचा उपयोग असा की खाद्यतेल लिहिलेल्या बाटलीला अन्नाचे नियम लागू होतात, आणि त्यात सुगंध वा खनिज तेल मिसळायला जागा नसते. ‘हेअर ऑइल’ लिहिलेल्या बाटलीची मागची बाजू वाचा. घटकांत पहिलं नाव ‘लिक्विड पॅराफिन’ असेल तर ते मुख्यतः खनिज तेल आहे. शुद्ध केलेलं खनिज तेल त्वचेला विषारी नाही, खवट होत नाही, झाकणाचं काम नीट करतं. पण नारळाच्या, बदामाच्या चित्राखाली नारळाच्या भावाने ते का घ्यावं?

शुद्धता घरी तपासता येते. पारदर्शक पेल्यात खोबरेल घेऊन फ्रीजमध्ये ठेवा, फ्रीजरमध्ये नको. शुद्ध असेल तर सगळं गोठतं. दुसरं तेल मिसळलेलं असेल तर वर पातळ थर वेगळा उरतो. लाकडी घाण्याचं तेल चांगलं, पण गाळलेलं आणि ताजं असेल तरच. तळाशी चोथा साचलेलं तेल लवकर खवट होतं, आणि खवट तेल त्वचेला टोचतं. महिन्या-दीड महिन्यात संपेल एवढंच घ्यावं, उन्हापासून दूर ठेवावं, ओल्या बोटांनी डब्यात हात घालू नये. नवं तेल आधी कोपराच्या आतल्या बाजूला दोन-तीन दिवस लावून पाहावं. वस्तऱ्याला गंज लागू नये म्हणून त्यावर खोबरेलाचा हात फिरवला तरी चालतं, कारण ते हवेने चिकट होत नाही. जवस किंवा सूर्यफुलाचं तेल पात्यावर वाळून गोंदासारखं बसतं. वसईसारख्या खाऱ्या हवेत ही काळजी घ्यावीच लागते.

दाढीनंतर पू धरलेल्या पुटकुळ्या आल्या, किंवा गोल, कडेने लाल, खाजरा चट्टा उठला, तर त्यावर कुठलंच तेल लावू नका. तो जंतुसंसर्ग किंवा गजकर्ण असू शकतो, त्वचारोगतज्ज्ञांकडे जा. दुकानात मिळणारी स्टेरॉइड मिसळलेली मलमं स्वतःच्या मनाने लावलीत तर गजकर्ण आणखी पसरतं. आणि वसईच्या अंबाडी रोडला असो की गावातल्या नाक्यावर, सलूनमध्ये खुर्चीत बसलात की नवं पातं तुमच्यासमोर पाकिटातून काढायला सांगा. वापरलेल्या पात्यावरून हिपॅटायटिस बी पसरू शकतो. नाभिकदादांना दाढी नीट भिजवायला दोन मिनिटं जास्त द्या, घाई करू नका. घरून आणलेली तेलाची छोटी बाटली त्यांच्या हातात द्यायला अजिबात संकोच करू नका.